यशपालकाकांचं मीटर

यशपाल सरवदे डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, मीटरवर ठेवतात. जुळे सोलापुरात बावीस वर्षं केबल टीव्हीच्या लाइनी ओढणारा हा माणूस. चित्र आरशासारखं लख्ख असलं तरी सिग्नलचं मीटर नाही म्हणालं, की यशपालकाकांच्या लेखी ते चित्र म्हणजे अफवा.

हे मीटर त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या हाती दिलं, आयटीआयला एका बाकावर बसलेल्या जोतिरामच्या. तो साखर कारखान्याचे वायरलेस सेट दुरुस्त करतो. अँटेनाचा सिग्नल बघायला त्याला मीटर हवं होतं. आता केबलचं सामान पंच्याहत्तर ओहमचं, वायरलेसचं पन्नासचं. दोन्ही कनेक्टर बाहेरून सख्खे भाऊ, आटेसुद्धा बसतात. पण पन्नासची मधली पिन जाड. ती पंच्याहत्तरच्या भोकात रेटली की आतल्या पितळी पाकळ्या फाकतात, मग केबलच्या बारीक पिनेला धरायला काही उरत नाही. काकांनी हे दोनदा बजावलं.

"मी काय शाळंत हाय व्हय?" जोतिराम म्हणाला.

चार दिवसांनी मीटर परत आलं, पुसूनबिसून. काकांनी ते आमच्या सोसायटीत लावलं, तर आकडे नाचायला लागले. काका म्हणाले, जॉइंट खराब. गच्चीवरचे सगळे जॉइंट कापून नवे करायला बसले. जोतिराम मदतीला आपणहून आला. तीन दिवस वायर सोलून हातात देत होता.

"अहो, चित्र चांगलं येत होतं की," सेक्रेटरी दाक्षायणीताई म्हणाल्या.

"चित्राला काय कळतंय, ताई?"

आकडे काही थांबेनात. चौथ्या दिवशी ताईंनी सोसायटीच्या चारही इमारतींचं काम दुसऱ्या केबलवाल्याला दिलं. त्याने स्वतःचं मीटर लावलं, तर काकांचा एकेक जॉइंट ठणठणीत. तेव्हा कुठे काकांनी आपल्या मीटरच्या भोकात टॉर्च मारला. पाकळ्या चारी दिशांना फाकलेल्या.

जोतिराम शेजारीच हत्यारं गोळा करत होता.

"जाड पिन घातलीस?"

"जरा रेटली. बसली की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुला कळंल वाटलं. तू तर कापायलाच बसलास. मग कसं सांगू?"

काकांनी टॉर्च बंद केला. "चाळीस जॉइंट कापले, जोत्या. चाळीसच्या चाळीस वायरी तू सोलल्यास."

"नीट सोलल्या की," जोतिराम म्हणाला.

काकांनी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली आणि जिना उतरले.