गिरणीपासून गिरणीपर्यंत

मुमताज गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडून बसले होते. उजाडताच गिरणीसमोर ये म्हणायचं आणि स्वतःचाच पत्ता नाही, हे काय! पायरीवर बसून तिच्या नावानं बडबडत होते, तेवढ्यात तिच्या सलीमचा बारामतीहून फोन आला. "मावशी, अम्मी..." रात्री छातीत दुखलं म्हणून तिला गाडीत घातलं होतं, पण दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. आज इतके आठवडे झाले, तरी लिहिताना मला रडू येतं आणि रागही येतो. माणसानं सांगून जायची रीत असते की नाही काही?

निरवांगीत तिची पिठाची गिरणी. भुवया कायम पांढऱ्या, आवाज गिरणीच्या वरचढ. माझी शुगर वाढली आणि वालचंदनगरच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, हे मी दळण टाकताना तिला सांगितलं, तर बया हसत सुटली. "उसाच्या पट्ट्यात ऱ्हायचं आन् शुगर व्हायची न्हाय व्हय? चल, मी येते. माझं बी गुडघं कुरकुरत्यात." वाट तिनंच ठरवली. गिरणीपासून कॅनॉलच्या कडेनं वर वनखात्याच्या रानात, तिथून माळ उतरून नदीच्या रस्त्यानं परत गिरणीवर. रान म्हणजे काही मोठं जंगल नव्हे. कडुनिंब, बाभळी, हिवर, मध्येच टणकन उडी मारून पळणारं चिंकारा. पण मधोमध एका जुन्या पडक्या देवळापाशी वीरगळ उभे आहेत, लढाईत कामी आलेल्यांचे दगड. त्यांना शेंदूर फासून फासून गावानं त्यांचे देव केलेत. आम्ही तिथं टेकायचो. मुमताज एका दगडावरच्या कोरलेल्या गाईंवरनं बोट फिरवायची आणि म्हणायची, "गुरं वाचवताना गेला बघ ह्यो. नाव कुनाला ठावं न्हाय, पर गुरं वाचली आसतील..."

अडचण एकच होती. आमच्याकडं बाई रस्त्यानं चालताना दिसली की वाहन थांबलंच. "बसा, सोडतो." नको म्हणावं तर माणूस रागावतो. "निघालाय कुठं?" "कुठं न्हाय, फिरून गिरणीवरच." "मग गेलाच कशाला?" आता याला काय उत्तर द्यायचं, कपाळ! घरी पोरगा म्हणायचा, "आई, अंगणात चाल की." सासूबाई तर तोंडाला पदर लावून हसायच्या. खरं सांगते, शुगर राहिली बाजूला, मला त्या चालण्याची चटकच लागली होती. लग्न होऊन या गावात आले, तेव्हापासून कामाशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. हे बंद पडलं तर मी जगेन खरी, पण कशी, ते मलाच ठाऊक.

एकदा आमच्या भावकीतल्या तात्यांनी ट्रॅक्टर आडवाच घातला. बसल्याशिवाय सोडतच नव्हते. तर मुमताज गंभीर चेहरा करून म्हणाली, "तात्या, माझा नवस हाय. दगडापातुर रोज पायीच जायाचं बोललेय. शालन सोबतीला हाय." तात्यांनी चक्क हात जोडले आणि ट्रॅक्टर मागं घेतला! मी हसू दाबता दाबता मरायची बाकी राहिले. पुढं गेल्यावर विचारलं, "अगं, तू आणि नवस? तोही दगडाला?" तर म्हणते, "तुजा म्हनलं आसतं तर तुज्या सासूनं इचारलं आसतं, कशापायी बोललीस म्हनून. मला कोन इचारतंय?" वकील व्हायची ती, चुकून गिरणीत आली.

मग काय, नवसाला सोबत करणं पुण्याचं! आधी माझी धाकटी जाऊ सुमन आली, मग तिच्या शेजारणी, बघता बघता अर्धी आळी. कुणाची सासू अडवेना, कुणाचा नवरा कुरकुरेना. रानात गेलं की डोक्यावरचे पदर खांद्यावर यायचे, गाणी व्हायची, सासरची उणीदुणी निघायची. सुमन तर एकदा चिंचेवर चढली.

आणि मुमताज गेली. चालणं थांबलं. "नवस बोलणारी गेली, आता कसला नवस?" असं घराघरातून ऐकू यायला लागलं. पोरगाही म्हणाला, "बास झालं आता." तिच्या चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर आम्ही बायका गिरणीच्या पायरीवर बसलो होतो. मला राहवेना. खरं सांगितलं तर बायका मला आणि तिला दोघींना नावं ठेवतील, आणि वाट कायमची बंद होईल, ही धास्ती होतीच. तरी बोलून टाकलं, "अगं, नवस बिवस काही नव्हता. तिनं थाप मारली होती."

कुणीच दचकलं नाही. सुमननं नाक पुसलं आणि म्हणाली, "आवो जाऊबाई, आमाला काय कळत न्हाय व्हय? मुमताजभाभी कशाला दगडाला नवस बोलंल! पर घरातनं भाईर पडाया मिळत हुतं. मग कोन कशाला इचारतंय?" मेल्या सगळ्या जणी! एवढे दिवस मला एकटीलाच वाटत होतं, की आमचं गुपित आम्हा दोघींपुरतं आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळ्या हजर. निघालो, पण चाल जमेना. मुमताज नेहमी सगळ्यांच्या मागं चालायची, कुणी रेंगाळलं तर तिला पुढं ढकलायला. त्या शेवटच्या जागेवर कुणी जाईना. जी मागं राहायची, ती भराभर पुढं यायची. असं करत करत रांग मोडलीच, आणि नदीच्या रस्त्यावर आम्ही सगळ्या एकाच ओळीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्ता अडवून चालत होतो. मागं ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमला. सुमन वळून ओरडली, "दम धर की, बाबा! आमी फिरायला निघालोय!"