सायलीने माझे दोन तास कापले

मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या धंद्याचं गणित माझ्याच लेकीने मांडलं.

सायली बारावी कॉमर्सला आहे. नफा जास्तीत जास्त कसा होईल ते आलेखावर काढायचं, असा प्रोजेक्ट. खरं उदाहरण हवं होतं, आणि बोरीवलीत घरून फराळ विकणारी आई हाताशी होतीच!

चकलीच्या डब्याला एक तास, करंजीच्या डब्याला दोन. नफा साठ आणि शंभर. गिऱ्हाइकं बेताची, दिवसाला फार तर सहा डबे. तिने दोन रेषा मारल्या, जमण्यासारखा भाग पेन्सिलीने रंगवला आणि म्हणाली, "हा कोपरा बघ. चकलीचे चार, करंजीचे दोन. चारशे चाळीस रुपये."

माझं डोकंच सटकलं. "काहीतरीच काय! मी चकलीचे दोन आणि करंजीचे चार करते. पाचशे वीस सुटतात." करंजीचं पीठ मळत होते, त्याच हाताने मी तो बिंदू दाखवला. तुपाचा डाग पडला, तोही रंगवलेल्या भागाच्या बाहेर.

"कारण तू दहा तास राबतेस. मी आठच धरलेत."

"का गं? दहा जमतात मला."

"जमतात ना? मग जिना चढताना कठडा धरून थांबतेस कशाला?"

नवा कागद घे म्हटलं, तर ऐकेना. डागासकट तोच देणार म्हणे.

तुमच्या घरी तुमचे तास कोण मोजतं गं?