धाकटीनं मारलेलं बूच

लग्न होऊन आली तेव्हापासून घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. आता केस पिकले, चष्मा लागला, तरी ती धाकटीच. धाकटीनं ऐकून घ्यायचं असतं, असं कुणी बोलून दाखवत नसे, पण चालत तसंच आलं होतं.

घर दुमजली. वर मोठे दीर आणि जाऊबाई, खाली धाकटी आणि तिचा नवरा. खालच्या पुढच्या खोलीत ती लोकांचे कपडे शिवायची. जाऊबाई वर तळणाच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांच्या हाताला चव होती, हे धाकटीही मान्य करायची. पण तळण आटोपलं की कढईतलं जळकं तेल त्या सरळ सिंकमध्ये ओतायच्या, मागून साबण आणि कढत पाणी. त्या सिंकचा पाइप धाकटीच्या मोरीतल्या पाइपाला जोडलेला. तो तिथंच तुंबायचा आणि वरचं खरकटं पाणी तिच्या मोरीत उलटं यायचं.

एकदा प्लंबरनं पाइपातून मेणासारखा घट्ट, पांढरट गोळा काढून दाखवला. गरम असतं तोवर तेल वाहतं, पुढे जाऊन थिजतं, असं तो म्हणाला. धाकटीनं तो गोळा कागदात गुंडाळून वर नेला. जाऊबाईंनी नाक मुरडलं. आपण कढत पाणी ओततो, त्यामुळे हे आपलं नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. वहिनी मोठ्या आहेत, जाऊ दे, असं म्हणून नवऱ्यानं विषय मिटवला.

मग एका सकाळी मोरीतलं पाणी शिवणाच्या खोलीत शिरलं. एका शिक्षिकेच्या कोटाचं लोकरी कापड बेतून खाली पसरलं होतं, ते तेलकट पाण्यात भिजून वाया गेलं. धाकटी रडली नाही. शिक्षिकेला तिनं नवं कापड आणून देते म्हणून कळवलं आणि प्लंबरला बोलावून घेतलं. वरच्या सिंकचा पाइप जिथं खालच्याला मिळतो, तिथं बूच मारायला सांगितलं.

"घरात भांडणं लागतील, मावशी," तो चाचरला.

"लागलेलीच आहेत. तुम्ही बूच मारा."

दुपारपर्यंत वरचं सिंक काठोकाठ भरलं. एरवी सहसा खाली न येणारे दीर तावातावानं उतरले. घर सगळ्यांचं आहे, असं एकटीनं परस्पर ठरवायचं नसतं, असं बरंच ऐकवलं. 

"घर सगळ्यांचं, मग घाण माझ्या एकटीची का?" धाकटीनं विचारलं. तेल गार करून डब्यात भरायचं, कढई आधी कागदानं पुसायची आणि मगच धुवायची. हे कबूल होईल त्या दिवशी बूच निघेल, असं तिनं दिरांच्या तोंडावर सांगितलं.

जाऊबाईही काही कमी नव्हत्या. त्या बादलीत भांडी धुवायला लागल्या, कढईतलं तेल आणि कढत पाणीही त्यातच. गुडघा धरत जिना उतरायच्या आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशा बेतानं बादली रस्त्याकडेच्या गटारात रिकामी करायच्या. लोक काय म्हणतील, म्हणून नवरा कासावीस व्हायचा. लोकांच्या मोरीत पाणी येत नाही, एवढंच धाकटी म्हणायची.

थंडी वाढली. संध्याकाळची बादली एकदा सकाळपर्यंत तशीच राहिली. जाऊबाई ती ओतायला गेल्या, तर पाण्यावर जाड पांढरा थर धरलेला. त्यांनी बोटानं तो दाबून पाहिला, पुन्हा दाबला. धाकटीला खिडकीतून सगळं दिसत होतं, पण तिनं मशीन थांबवलं नाही.

त्याच दिवशी जाऊबाई खाली आल्या. हातातल्या डब्यात जळकं तेल होतं.

"हे कुठं टाकू?"

माफीचा शब्द नाही, आणि धाकटीला तो नकोही होता. झाकण घट्ट लावून कचऱ्याच्या गाडीत द्या, म्हणून तिनं सांगितलं आणि मोरीत जाऊन स्वतःच्या हातानं बूच काढलं.

नवऱ्याला वाटलं, आता हिनं वहिनींची माफी मागितली की झालं.

सुईत दोरा ओवत धाकटी म्हणाली, "मागणार नाही. आणि बूच मी फेकलेलं नाही, हेही वर सांगून या."