हळदीच्या वखारीपुढं उभी राहिलेली आई

आमच्या आईला मारायला माणसं ठेवली होती.

आज तिचा स्मृतिदिन. मजुरांच्या युनियनमधले लोक तिच्या भाषणांच्या आठवणी काढतात. मला आठवते ती भीती.

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची सांगली. वडील पलटणीत गेले आणि लढाईतच राहिले. आई हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायची. मी सात वर्षांची.

वखारीत तान्ही लेकरं आणायला बंदी. बायका त्यांना फाटकाबाहेर झाडाखाली निजवायच्या. लेकरू कितीही रडलं तरी पाजायला उठायचं नाही, असा मुकादमाचा हुकूम.

एका दुपारी सावली सरकली आणि आईच्या शेजारी निवडायला बसणाऱ्या सखूमावशीचं बाळ उन्हात रडून रडून निपचित पडलं. मिरजेच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचलं.

दुसऱ्या दिवशी आईनं सगळ्या बायकांचं काम थांबवलं. मागणी एकच. लेकराला पाजायला सुट्टी.

संध्याकाळी मुकादम आमच्या दारात.
बोलत होता आईशी, बघत होता माझ्याकडं.
"पोरगी लय गोड हाय, आक्का. जपा."

आईनं कडी घातली. कितीतरी वेळ दाराला पाठ लावून बसली.

"आई, उद्या जाऊ नगंस."
"जावं लागतंय, बाय."
"मग मी?"
"तू माझ्यासंगं. हितं एकटी न्हाई ठेवायची तुला."

सकाळी फाटकापुढं लाठ्या घेतलेली माणसं उभी. बायका थबकल्या. काही मागं फिरल्या.

आई मात्र माझा हात धरून पुढं निघाली. तिचा तळवा घामानं चिंब.

आईच घाबरलीय हे कळलं, आणि मी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

लाठी तिच्या खांद्यावर बसली. ती कोसळली, ती मला पोटाशी धरून.

"आगं, मारत्यात तिला!" सखूमावशी किंचाळली.

मागं फिरलेल्या बायका धावत आल्या. आम्हा दोघींभोवती नुसती लुगडीच लुगडी. एवढ्या बायकांवर भर रस्त्यात हात टाकायची त्या माणसांची छाती झाली नाही.

सुट्टी मिळाली. आईला मात्र पुन्हा कुठल्याच वखारीनं कामावर घेतलं नाही.

मग शेतमजुरी करत तिनं जन्मभर युनियन चालवली. खांदा कायमचा अधू झाला, म्हणून झेंडा डाव्या हातात धरायची.

मोर्चा असला की ती परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले तरी तिची खुशाली कळेपर्यंत तेच.

शेवटी आई म्हातारपणानं गेली. स्वतःच्या घरात, झोपेत.
मी देवाचे आभार मानले. ती देव मानायची नाही, तरी मानले.

आई, तुझे फार उपकार आहेत गं.
तुला नमस्कार.