घाई करील त्याचं बोट

“कॅन्सर हाय ते समजलं, मॅडम. आता कंचा ते लवकर सांगा. मुंबैला न्यायला गाडी भायेर उभी हाय.”

ही नसीमा. तिचा धाकटा भाऊ समीर चौक गावात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आला आणि रक्तात ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, खचाखच निघाल्या. कर्जतच्या माझ्या लॅबमध्ये मी त्याच्या कमरेच्या हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून काचेवर पसरला होता. अक्यूट ल्युकेमिया नक्की. पण या घराण्याच्या शाखा दोन, मायलॉइड आणि लिम्फॉइड, आणि दोघींची औषधं वेगळी. मला संशय होता मायलॉइडमधल्या एका खाष्ट जातीचा. तिच्यात रक्तस्राव होऊन माणूस पटकन जातो. एक कॅप्सूल वेळेत सुरू झाली तर बराही होतो.

साध्या रंगात ओळख पटेना, म्हणून एमपीओ स्टेन करायला घेतला. त्यात मायलॉइड पेशी तपकिरी होतात, लिम्फॉइड कोऱ्या राहतात. सोबत निरोगी रक्ताची एक काच लावतात, तिला कंट्रोल म्हणायचं; निरोगी रक्तात मायलॉइड पेशी असतातच, म्हणून ती रंगायलाच हवी. ते रक्त कुणाचं, याचा आमच्याकडे नियम आहे. जो घाई करील त्याचं बोट.

“माझं कशाला? आजारी तो हाय.”

“म्हणूनच तुमचं.”

मी तिचं बोट टोचलं आणि थेंब काचेवर पसरला.

समीरची काच कोरी निघाली. म्हणजे लिम्फॉइड. मी फोन उचललासुद्धा. मग नसीमाची काच पाहिली, तर तीही कोरी. धडधाकट बाईच्या पेशी रंगत नाहीत म्हणजे रंगच खोटा. मी फोन खाली ठेवला. पोराला मी चुकीच्या वाटेला लावणार होते.

या स्टेनमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड पडतं, आपण जखम धुतो तेच. नसीमाचं बोट दाबून रक्ताच्या थेंबावर ते टाकलं. ताजं असतं तर फेसाळलं असतं, पण फेस आलाच नाही. बाटली उघडून उघडून मेली होती.

“समोरच्या मेडिकलमधून सीलबंद बाटली आणा.”

“इतक्या शिकलेल्या तुमी, आन आवशद शिळं?” म्हणत ती पळाली.

दुसऱ्या खेपेला तिची काच रंगली आणि समीरच्या पेशी गच्च तपकिरी झाल्या, त्या खाष्ट जातीत होतात तशाच. समीरला जिथे न्यायचं होतं त्या मुंबईच्या डॉक्टरांना मी फोन लावला.

“जात पक्की करणाऱ्या जीन टेस्टला दिवस लागतील, तिची वाट बघू नका. कॅप्सूल सुरू करा.”

“खात्री आहे?”

“कंट्रोल रंगलाय.”

पुढे जीन टेस्टनंही तेच सांगितलं. समीर आता पुन्हा गॅरेजवर आहे. लॅबमध्ये आधी कंट्रोलची काच बघायची, मग पेशंटची, असा क्रम आम्ही ठरवून टाकला. परवा नसीमा शेजारणीचा साखरेचा रिपोर्ट न्यायला आली. दारातच तिनं दोन्ही हात ओढणीत लपवले आणि म्हणाली, “मला काय बी घाई नाय हां, मॅडम.”