आमीन व्हायचं राहिलं

आमची कंपनी सप्टेंबरच्या शेवटी त्या पोस्टवर चढली. पोस्टचं नाव सांगणार नाही. सांगूनही तुम्हाला ती नकाशावर सापडायची नाही. खाली नाला होता, समोरच्या कड्यावर शत्रूची चौकी होती. वारा आमच्या बाजूला वाहत असला की त्यांच्या भांड्यांचा आवाज आम्हाला ऐकू यायचा.

मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर. माझा बडी नाईक रशीद, मशीनगनवर. बडी म्हणजे जोडीदार. फौजेत जेवण, झोप, पहारा सगळं जोडीने चालतं. एकाचं काही झालं तर पहिला प्रश्न दुसऱ्याला विचारतात.

आम्ही दोघंही पुण्याचे, कसबा पेठेतले. कंपनी कमांडरसाहेबांनी मुद्दाम जोडी लावली होती. म्हणाले, "दोनों पूना के हो. एक दूसरे को ताने मारो, बाकी कंपनी चैन से रहेगी." माझे वडील तांबट आळीत तांब्याची भांडी घडवायचे आणि रशीदचे वडील, करीमचाचा, त्याच भांड्यांना कल्हई करायचे. म्हणजे आमची जोडी साहेबांच्याही आधी लागलेली होती.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी एकदा हंडा घेऊन चाचांच्या दुकानात धावत शिरलो. ते नमाज पढत होते. मी त्यांच्या समोरून पळत गेलो आणि वर दोन हाकाही मारल्या. नमाज पूर्ण झाल्यावर त्यांनी माझा कान धरला.

"दत्ता, नमाज चालू असताना समोरून जायचं नाही. हाक मारायची नाही. काहीही होवो, थांबायचं. समजलं?"

समजलं. असा कान पिळला गेल्यावर जन्मात विसर पडत नाही.

पोस्टवर आमचा दिनक्रम घड्याळावर चालायचा. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह आपापल्या लढायच्या जागी. उजाडू लागलं की स्टँड-डाउन. सूर्य वर यायच्या आत रशीद नमाज पढायचा. बंकरमध्ये ताठ उभं राहता येत नव्हतं, म्हणून मागच्या उतारावरच्या एका सपाट दगडावर तो उभा राहायचा. त्या बाजूला सरळ गोळी येत नसे. पाणी असलं तर अर्ध्या मगात वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, नसलं तर कोरड्या मातीवर हात फिरवायचा. मी बंकरच्या दाराशी रेडिओ घेऊन बसायचो. माझ्या खिशात कसब्याच्या गणपतीचा फोटो असे. मी त्याला हात जोडले की रशीद बोलता बोलता गप्प व्हायचा. त्याची नमाज सुरू झाली की मी गप्प. याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नव्हतं.

पहाटेची नमाज तो ऐकू येईल अशा आवाजात पढायचा. आधी अल्हम्द यायची. कुराणाची सुरुवात तिने होते आणि प्रत्येक नमाजेत ती म्हणावीच लागते. सूरह फातिहा म्हणतात तीच. चाचांच्या घरात सगळे अल्हम्दच म्हणायचे. महिन्याभरात मला ती चालीसकट पाठ झाली. अर्थ ठाऊक नव्हता. एकदा विचारला, तेव्हा रशीद म्हणाला, "पुण्याला गेल्यावर अब्बांना विचार. मी सांगितलं तर तू चुका काढशील."

त्या दिवशी पाच एक्कावन्नला रेडिओ बोलला.

"ऑल स्टेशन्स, ऑल स्टेशन्स. मॉर्टर की हलचल. सब कव्हर में, अभी. ओव्हर."

"वन, रॉजर. आउट," मी म्हणालो. वन म्हणजे आमची पोस्ट.

असे हुकूम आठवड्यातून तीनदा यायचे आणि बहुतेक वेळा पुढे काहीच व्हायचं नाही. बाकीचे सगळे आतच होते. बाहेर एकटा रशीद, माझ्यापासून दहा पावलांवर. त्याची अल्हम्द चालू होती. कुठे पोचली आहे ते मला आवाजावरून कळत होतं. तीन ओळी राहिल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, आमीन होऊ दे, मग हाक मारतो. दहा सेकंदांचा प्रश्न होता.

सरळ गोळी त्या उतारावर येत नाही. मॉर्टरचा गोळा वरून येतो. हे मला ठाऊक होतं. रंगरूटालाही ठाऊक असतं.

दोन ओळी राहिल्या असताना गोळा दगडाच्या डाव्या अंगाला पडला. मी आत फेकला गेलो. बाहेर आलो तेव्हा रशीद कुशीवर पडला होता. मी त्याला ओढत बंकरमध्ये आणलं, जखमेवर फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं.  सहा वाजून चार मिनिटांनी तो गेला.

चौकशीत मला विचारलं, हुकूम किती वाजता मिळाला? पाच एक्कावन्न. गोळा कधी पडला? पाच बावन्नच्या आत. दोन्ही उत्तरं बरोबर होती. मधल्या वेळात तू काय करत होतास, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पार्थिवासोबत पुण्याला मीच आलो. करीमचाचांना म्हणालो, "अचानक आला गोळा. कुणाला काही कळलंच नाही." त्यांनी मान हलवली आणि मला पाणी दिलं.

पुढे मी पेन्शनवर आलो. तोवर पुणं बदललं होतं. पेठेतली पोरं कॉम्प्युटरचे क्लास करून परदेशी जाऊ लागली होती. भांडी स्टीलची झाली होती. आमच्या आळीतली ठोकठोक कमी झाली आणि चाचांकडे आचाऱ्यांची पातेली तेवढी यायची. मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. गळ्यात पट्टा, कमरेला पुन्हा वॉकीटॉकी. दर रविवारी मंडईतून भाजी घेऊन चाचांच्या दुकानात जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. लोक म्हणायचे, मित्राच्या बापाला मुलासारखा सांभाळतो. ते ऐकलं की मी विषय बदलायचो.

कंपनीत पहिल्या मजल्यावर एक छोटी खोली रिकामी ठेवलेली होती. तिथे एक तरुण इंजिनिअर दुपारची नमाज पढायचा. त्या वेळी मी तिकडे कुणाला फिरकू देत नसे. एका दुपारी फायर ड्रिल झालं. भोंगा वाजला. मी धावत वर गेलो आणि खोलीच्या दाराशी थबकलो. पुन्हा तोच मी, पुन्हा दाराशी. तेवढ्यात दार उघडून तो मुलगा बाहेर आला, बूट हातात घेऊन.

"झाली नमाज?" मी विचारलं.

"नाही अंकल, तोडली. भोंगा वाजला ना!"

"तोडता येते?"

"ऑफकोर्स. जिवाला धोका असेल तर तोडायचीच असते. माझ्या दादीने लहानपणीच सांगितलंय. नंतर परत पढायची, सिंपल."

तो जिना उतरून गेला. मी तिथेच पायरीवर बसलो. वॉकीटॉकीवर माझ्या नावाचा पुकारा चालू होता. त्या ड्रिलमध्ये शेवटी बाहेर आलेला माणूस म्हणून माझं नाव लागलं. सुपरवायझर असून!

रविवारी मी भाजी न घेताच दुकानात गेलो. चाचांनी पातेलं विस्तवावर धरलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हुकूम, वेळ, दहा पावलं, दोन ओळी. रिपोर्ट देतात तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते जमलं नसतं.

 भाता थांबला होता, पण निखारे होतेच. पातेलं तापून काळं पडायला लागलं. आयुष्यात त्यांनी कुणाचं भांडं जाळलं नव्हतं. मीच चिमट्याने ते खाली उतरवलं.

"इतकी वर्षं चहा प्यालास इथे," ते म्हणाले.

"हो."

"मग आज का सांगतोस?"

"नमाज तोडता येते, हे या आठवड्यात कळलं. तोवर वाटायचं, निदान एक गोष्ट तरी बरोबर केली."

ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "कुठवर आला होता?"

मी माझ्या तांबटी उच्चारात ती ओळ म्हणून दाखवली. इतक्या वर्षांत मी ती तोंडाने पहिल्यांदाच उच्चारली. डोक्यात मात्र रोज वाजायची. तिथवर यायची आणि थांबायची.

"अर्थ ठाऊक आहे?" चाचांनी विचारलं.

"नाही. तो म्हणाला होता, अब्बांना विचार."

"आधी त्याची तारीफ असते. सगळ्या जगांचा मालक, दयाळू, शेवटच्या दिवशी न्याय करणारा. मग म्हणतो, तुझीच बंदगी करतो, तुझ्याकडेच मदत मागतो. आणि मग मागणं. एकच. आम्हाला सरळ वाट दाखव. दिवसाच्या फर्ज, म्हणजे पढायलाच हव्या अशा, नमाजांत सतरा वेळा हेच मागायचं. रशीद तिथे होता. वाट मागत होता."

मी खाली बसलो. तो वाट मागत होता आणि ती माझ्या हातातल्या हँडसेटवर येऊन पडली होती. सब कव्हर में, अभी. दहा पावलं. मला नुसती चाल पाठ होती, म्हणून मी ती ओळ संपायची वाट पाहत राहिलो. हे मी चाचांना बोलून दाखवलं आणि मग मला रडू आलं. फौज सोडल्यावर प्रथमच.

"कान मी धरला होता तुझा," चाचा म्हणाले. "काहीही होवो, थांबायचं, असं सांगितलं. जीव जात असेल तर थांबायचं नाही, हे सांगायचं राहिलं. लहान पोर होतास. म्हटलं, पुढे सांगू."

"तुमची चूक नाही, चाचा."

"तुझी आहे का, ते मला ठरवता येत नाही. माझा मुलगा गेलाय." ते उठले, हात धुतले. "बस इथे. जाऊ नकोस."

डोक्यावर टोपी घालून ते पश्चिमेकडे तोंड करून बसले. नमाजेची वेळ नव्हती. पहिल्यापासून सुरुवात त्यांनी केली नाही. रशीद जिथे थांबला होता, तिथून पुढच्या दोन ओळी त्यांनी म्हटल्या. ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांची वाट. ज्यांच्यावर कोप झाला त्यांची नको, जे भरकटले त्यांचीही नको. हा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू येत होता, आणि तो बापलेकांचा एकच होता.

संपल्यावर ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हण."

"आमीन," मी म्हणालो.

चाचा आता नाहीत. कब्रस्तानात रशीदच्या शेजारीच आहेत. मी महिन्यातून एकदा जातो. नाईक रशीद, मशीनगनर, वय सव्वीस, कसबा पेठ, पुणे. दगडावर एवढंच कोरलेलं आहे. मी दहा पावलांवर उभा राहतो, मग चालत जवळ जातो आणि त्याला हाक मारतो.