चिंतामणरावांचा खण

आष्ट्याजवळच्या आमच्या साखर कारखान्यात १९७६ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर वाईचे चिंतामणराव आले. लग्नाचं राहून गेलेलं, सांगलीत भाड्याची एक खोली, स्वभाव अबोल. मी तेव्हा काट्यावर उसाचं वजन करायचो.

मशीनला रोज सकाळी आधी नियम सांगावे लागत. कुठल्या गावाची तोड आधी, गाड्यांच्या पाळ्या कशा, असलं सगळं. ते भोकं पाडलेल्या कार्डांवर असे आणि सगळ्या खात्यांची कार्डं एकाच गठ्ठ्यात. एवढासा बदल करायचा तरी चिंतामणरावांकडे जावं लागे. माणसं जायची, टेकायची, चहा व्हायचा. पण एकाचं कार्ड दुसऱ्याच्यात मिसळलं की दिवसभर घोळ.

मग त्यांनी मशीनच्या खोलीच्या दाराबाहेर एक लाकडी खण करून घेतला. प्रत्येक खात्याची वेगळी गड्डी, वर तिचा आकडा. मशीननं खणातल्या सगळ्या गड्ड्या आकड्यांच्या क्रमानं वाचायच्या. एकच नियम दोन गड्ड्यांत आला तर नंतरचा खरा. नवं खातं निघालं तर नवी गड्डी ठेवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि गड्डीच्या शेवटी समाप्तीचं कार्ड नसेल, तर अंदाजानं पुढं न जाता मशीननं तिथंच थांबायचं.

झकास चाललं. फक्त त्यांच्याकडे कुणी जायचं कारणच उरलं नाही. लोक गड्डी खणात टाकून बाहेरच्या बाहेर परतायचे. यानं आपण एकटे पडू, हे एवढ्या हुशार माणसाला आधी कसं सुचलं नाही, याचा मला रागच यायचा. टेबलावर त्यांचे दोन कप असत, त्यातला एक कायम उपडा. मी दारावरून निघालो की विचारायचे, "तुमचं काही बदलायचं नाही ना?" मला नाही म्हणायचं जिवावर यायचं.

ऐन हंगामात एका सकाळी मशीन थांबलं. शेतकी खात्याच्या गड्डीला शेवटचं कार्ड नव्हतं. काट्यावर बैलगाड्या तुंबल्या, गाडीवान माझ्या नावानं शंख करायला लागले. मी तणतणत शेतकीच्या ऑफिसात गेलो, तर चिंतामणराव माझ्याआधी तिथं उभे. समोर तिथला कारकून आकाराम, पलटणीतून निवृत्त झालेला.

"आकाराम, समाप्तीचं कार्ड कुठं आहे?" चिंतामणरावांनी विचारलं.

आकारामनं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "हितं हाय. मुद्दाम काढून ठिवलंय."

"मुद्दाम? अहो, गाड्या खोळंबल्यात!"

"मग काय करावं? त्याबिगर तुमी खोलीभायेर येताय व्हय? बसा. च्या सांगितलाय."

कार्डाचा कोपरा दुमडला तरी डाफरणारा हा माणूस. आता आकारामची खैर नाही, असं मला वाटलं. पण चिंतामणराव खुर्ची ओढून बसले, चहा आला तो सावकाश प्याले, आणि मग कार्डासाठी हात पुढं केला.

"उद्या काढू नका," ते म्हणाले. "मी येईन."